न पडलेली टाकी

पत्रेमामांच्या हातची बादली आधी ऐकू यायची, मग दिसायची. नळावरून बाई पाणी भरून निघाली की दोन गल्ल्या पलीकडं कळायचं, ही मामांची बादली. थेंबभर गळायची नाही, वीस-वीस वर्षं तळ सडायचा नाही. पण कडी कानात अशी सैल, की पावलागणिक खडखडाट.

नवं गिऱ्हाईक हटकून तक्रार घेऊन यायचं.

“मामा, दोन टोले घालून घट्ट करा की ही.”

“गळते का?”

“गळत नाही हो. पण वाजते किती! शेजारीण म्हणते, तुमच्याकडं पाणी भरतात का बँड काढतात?”

“मग वाजू दे. वाजतेय म्हणजे सुटी आहे.”

एवढं सांगून मामा मान खाली घालून पत्र्यावर मोगरी आपटत बसायचे. म्हातारा जरा चक्रम आहे, असं म्हणून गिऱ्हाईक बादली उचलायचं आणि खडखडत निघून जायचं.

मामी मात्र बघून होती. लग्न झालं तेव्हा तिच्या नवऱ्याच्या हातची वस्तू मुकी असायची. डबा म्हणा, कंदील म्हणा, बादली म्हणा, हलवून हलवून हात दुखले तरी कुठून चूं निघायची नाही. मामांच्या बापानंच ती सवय लावली होती. कडी बसवून झाली की बादली कानाशी धरायची आणि हलवायची. वाजली तर परत ऐरणीवर. कानात फट राहिली असली तर पत्र्याची पट्टी दुमडून बोटाच्या पेराएवढी पाचर करायची आणि ती फटीत ठोकायची. मामांच्या सदऱ्याच्या खिशात अशा चार-दोन पाचरी कायम असायच्या. धुवायला घेताना विसरून मामीनं हात घातला की बोट कापायचं. मग ती मामांच्या सात पिढ्या पाण्यात बुडवून काढायची.

युद्ध आलं आणि गेलं. त्यानंतर मामीचं बोट परत कधी कापलं नाही. मामा खिशात पाचर ठेवीनासे झाले होते. का, ते तिनं दोन-चारदा विचारलं. उत्तर मिळालं नाही, तेव्हा तिनं नाद सोडला.

घडलं होतं ते असं.

मामा तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि त्यांना कुणी मामा म्हणत नव्हतं. एके सकाळी दुकानापुढं लष्कराची जीप उभी राहिली. त्यातून उतरलेल्या साहेबानं दुकानातली एक मोठी टाकी उलटीपालटी करून बघितली, शिवणीवरून नख फिरवलं, आणि विचारलं, “ही झाळलीय कुणी?”

“मीच. का? गळतेय का कुठं?”

“अवजारं घे आणि चल. दोन दिवसांचं काम आहे. घरी सांग, रेल्वेच्या गोदामात जातोय.”

विमानतळ गावापासून कोसभर होता, पण आतून मामांनी तो कधी बघितला नव्हता. लांबलचक शेड, दारांना ताडपत्री, आणि आत आठ विमानं ओळीनं उभी. साहेबानं कागद पसरला. माणूसभर लांबीची, दोन्ही टोकांना निमुळती टाकी. पाठीवर दोन कान. त्या कानांत विमानाच्या पोटाचे दोन आकडे अडकणार, आणि पेट्रोलची ही जादा टाकी खाली लटकणार. कारखान्यातल्या टाक्या जहाजानं यायच्या होत्या. जहाज अडकलं होतं, आणि ठरलेला दिवस काही केल्या पुढं ढकलता येत नव्हता.

“आठ हव्यात. उद्या संध्याकाळपर्यंत.”

“टिकायला किती वर्षं हव्यात, साहेब?” मामांनी विचारलं. पत्रा किती जाड घ्यायचा ते त्यावर ठरतं, म्हणून विचारलं.

साहेब हसला. “एक दिवस टिकली तरी पुष्कळ.”

मामांना तो शब्द लागला. “एका दिवसाचं काम आमच्याकडं होत नाही, साहेब. माझी टाकी तुमच्या विमानापेक्षा जास्त जगेल.”

“जगू दे,” साहेब म्हणाला. “पण इथलं अवाक्षर बाहेर जाता कामा नये. काम होईपर्यंत तू इथंच राहायचं, इथंच झोपायचं.”

टाक्या कशासाठी, विमानं जाणार कुठं, कुणी सांगितलं नाही. तिथं सगळंच झाकपाक होतं. विमानांचा मिस्त्री ताडपत्रीआड काय करतो ते मामांना दिसत नव्हतं, आणि मामांना काय सांगितलंय ते मिस्त्रीला ठाऊक नव्हतं. जेवायला एका बाकावर बसायचे, आणि हवापाण्याच्या गप्पा मारायचे. शत्रूचा सरसेनापती परवा सकाळी समुद्रापलीकडच्या एका ठाण्याला भेट द्यायला विमानानं निघणार, त्याच्या वेळापत्रकाची तार आपल्या लोकांनी मधेच पकडलीय, आणि तो माणूस असा काटेकोर की सांगितलेल्या मिनिटाला सांगितलेल्या जागी असतोच. एवढं सगळं मामांना पुढं फार दिवसांनी कळलं. तेव्हा त्यांना एवढंच ठाऊक होतं, की टाकी गळता कामा नये.

काम करताना एक वैमानिक येऊन समोरच्या खोक्यावर बसायचा. चोविशीचा असेल. सोबती त्याला विसऱ्या म्हणत. नाव उगाच पडलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्याच्या एका पायात निळा मोजा होता आणि दुसऱ्यात करडा. दुसऱ्या दिवशी टोपी मामांच्या पत्र्यांत विसरून गेला, आणि ती शोधत तीनदा आला.

“मामा, माझी टोपी दिसली का?”

“डोक्यावर आहे तुझ्या.”

“अरेच्चा!”

मामा हे नाव त्यानंच ठेवलं. त्याच्या आईच्या भावासारखे दिसतात म्हणून. पुढं ते गावभर झालं, पण सुरुवात त्या खोक्यावरून झाली.

“लेका, असा विसरभोळा तू,” मामा झाळता झाळता म्हणाले, “आणि तुझ्या हातात विमान देतात?”

“विमानातलं नाही विसरत मी. खटके तर मुळीच नाही. आमचे बाबा रेल्वेत केबिनमन आहेत. नदीच्या पुलाअलीकडं दोन लाइनी फुटतात ना, तिथलं केबिन. रूळ बदलायचे चोवीस खटके आहेत त्यात. सुट्टीत मला वर नेऊन बसवायचे. हातात फडकं घ्यायचं, खटका धरायचा, नंबर मोठ्यानं म्हणायचा आणि मग ओढायचा. न म्हणता ओढला की पाठीत धपाटा. दप्तर विसरून शाळेत जायचो, तर हसायचे. पण खटक्यात चुकलो की दोन दिवस माझ्याशी बोलायचे नाहीत. अजून विमानात मी खटका ओढताना मोठ्यानं म्हणतो. कानात यंत्र लावलेले सोबती वैतागतात.”

“घरी आणखी कोण?”

“धाकटी बहीण. ती माझ्या वस्तू शोधण्यात मोठी झाली.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आठही टाक्या विमानांना लागल्या. मिस्त्रीनं एकेक आकडा उघडमीट करून बघितला आणि प्रत्येक विमानावर खडूनं बरोबरची खूण केली. मामांचं काम संपलं. हातपाय धुऊन ते शेडच्या तोंडाशी बसले. विसऱ्या चाकं तपासायला चार जणांकडून विमान थोडं पुढं-मागं ढकलवून घेत होता. उन्हं उतरली होती. आणि मामांना ऐकू आलं. खड. खड. खड.

विमान थांबलं. विसऱ्या खाली उतरला.

“मामा, तुमची टाकी बोलतेय.”

“काय म्हणते?”

“म्हणते, मला घरी जायचंय.”

आजूबाजूचे चार जण हसले. मामांचे कान तापले. दोन दिवस मान मोडून केलेलं काम, आणि त्याला असा आवाज? ते उठून विमानाच्या पोटाखाली शिरले. टाकीला कान लावला, दोन्ही हातांनी हलवलं. कानात आणि आकड्यात चांगली फट होती. मापात होती, कागदावर दाखवल्याप्रमाणं होती, पण फट ती फट.

“मी टोपी घेऊन येतो,” असं म्हणून विसऱ्या आत पळाला. टोपी परत राहिली होती.

मामांचा हात आपसूक खिशात गेला. पाचर काढली, फटीत धरली, मोगरीला फडकं गुंडाळलं आणि दोन टोले घातले. दुसऱ्या कानातही तसंच. टाकी हलवून बघितली. मुकी. अंगचीच असल्यासारखी बसली होती.

विसऱ्या आला. त्यानं टाकीला धक्का दिला. आवाज नाही.

“वा मामा! काय केलंत काय?”

आता इथं मामांनी सांगायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं. पण दोन दिवस ज्याच्या-त्याच्या तोंडाला कुलूप बघून त्यांनाही जरा फुशारकी चढली होती.

“कारागिराचं गुपित आहे,” मामा म्हणाले.

“तुमचंही गुपित? इथं ज्याला बघावं त्याचं गुपित!” विसऱ्या हसत हसत निघून गेला. जाताना हातमोजे विसरला. मामांनी ते विमानाच्या शिडीवर ठेवले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आठ विमानं उडाली. दुपारच्या आधी आवाज आला तेव्हा शेडमधली सगळी माणसं उघड्यावर धावली. मामाही धावले. एक, दोन, तीन. सात आली. आठव्यासाठी सगळे आभाळाकडं बघत राहिले. पण उतरलेल्या वैमानिकांभोवती आरडाओरडा सुरू झाला होता, मिठ्या मारणं चाललं होतं. काहीतरी मोठं काम फत्ते झालं होतं. मामा मात्र विमानांच्या पोटांकडं बघत होते. पोटं रिकामी होती.

त्यांनी मिस्त्रीची बाही धरली. “टाक्या कुठं गेल्या?”

“समुद्रात.”

“म्हणजे? पडल्या?”

“टाकल्या. पेट्रोल संपलं की टाकायच्याच असतात त्या.”

“माझ्या टाक्या? दोन दिवस डोळ्याला डोळा नाही लावला मी! आणि त्या समुद्रात फेकायला?” मामांचा आवाज चढला.

“आता रडू नकोस टाक्यांसाठी,” मिस्त्री म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. “ते ओझं घेऊन लढता येतं का कुणाला? शत्रू दिसला की खटका ओढायचा, आकडा उघडतो, टाकी आपल्या वजनानं खाली. विमान हलकं. म्हणून तर फट ठेवलेली असते कानात, अलगद सुटावी म्हणून. सातांनी टाकल्या. विसऱ्याची लटकलेलीच राहिली. सगळे वळले, त्याला वळता येईना. गाभण म्हशीसारखं विमान. तिघांनी गाठला त्याला.”

मामा खाली बसले. मिस्त्रीला वाटलं, उन्हानं घेरी आली. त्यानं पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. एका टेबलामागं तीन साहेब. सोबत्यांनी सांगितलं, टाकी पोटालाच होती. मिस्त्रीनं सांगितलं, आकडे संध्याकाळी तपासले होते, खडूची खूण केली होती. कुणीतरी म्हणालं, तो विसरायचा. दुसरा म्हणाला, हो, हातमोजेसुद्धा त्या दिवशी शिडीवर सापडले. मग मामांना बोलावलं.

“तुमच्या टाकीत काही दोष होता?”

मामांच्या खिशातल्या उरलेल्या पाचरी मांडीला टोचत होत्या.

“टाकीत दोष नव्हता, साहेब.”

आणि टाकीत खरंच दोष नव्हता. साहेबानं टाकीचं विचारलं, मामांनी टाकीचं सांगितलं. साहेबानं पुढं एक कागद सरकवला. इथं बघितलेलं, ऐकलेलं, केलेलं कुणाला सांगणार नाही. सांगितलं तर तुरुंग. कारण मामांना पुढं कळलं. सरसेनापती ठार झाला ही बातमी शत्रू स्वतः देईपर्यंत आपण गप्प बसायचं, नाहीतर त्याची तार आपण वाचतो हे त्याला कळेल. मामांनी सही केली. इतक्या आनंदानं कुणी त्या कागदावर सही केली नसेल.

घरी आले तेव्हा मामीनं विचारलं, “झालं का गोदामातलं काम?”

“झालं.”

“चांगलं झालं?”

मामांनी सदरा काढून विहिरीवर नेला आणि पाचरींचा खिसा आत उपडा केला.

युद्ध संपलं. एकदा मिस्त्री गावात भेटला. विसऱ्याच्या घरी पत्र गेलं, असं त्यानं सांगितलं. मुलगा कामगिरीवर कामी आला, शौर्य गाजवलं वगैरे. आणि खाली एक ओळ, की टाकी सोडायचा खटका ओढायचा राहिल्यानं विमान गेलं.

“ती ओळ लिहायची काय गरज होती?” मिस्त्री म्हणाला. “पण बापानं पत्रामागं पत्र लिहून विचारलं म्हणे, नेमकं काय झालं ते सांगा. मग सांगितलं त्यांनी. नेमकं.”

त्या हिवाळ्यात मामा कथील आणायला जातो म्हणून घरातून निघाले आणि नदीच्या पुलाअलीकडच्या स्टेशनावर उतरले. दोन लाइनी फुटत होत्या तिथं केबिन होतं. काचेची खोली, वर जायला लाकडी जिना. जिन्याखाली एक म्हातारा दगडावर बसून सिग्नलचे दिवे पुसत होता. एकेक काच तोंडाच्या वाफेनं ओली करायची आणि फडक्यानं घासायची.

“केबिनमन वर आहेत का?” मामांनी विचारलं. “म्हणजे जुने. ज्यांचा मुलगा वैमानिक होता, ते.”

“मीच तो.”

मामांना वाटलं होतं, हा माणूस वर असेल, खटक्यांपाशी. तो खाली दिवे का पुसतोय, ते त्यांना समजेना.

“तुम्ही ओळखत होता त्याला?” म्हाताऱ्यानं हातातला दिवा खाली ठेवला.

किती साधा प्रश्न. मामांच्या ओठांवर सगळं आलं. टोपी, मोजे, खोकं, पाचर. आणि त्यांना टेबलामागचे तीन साहेब दिसले, कागद दिसला, तुरुंग दिसला, मामी आणि दोन लहान पोरी दिसल्या. शिवाय या म्हाताऱ्याचा चेहरा, सांगून झाल्यावर कसा होईल, तोही दिसला. तुरुंगापेक्षा त्याचीच भीती जास्त होती. हे मामांनी स्वतःशी कबूल करायला पुढं बरीच वर्षं घेतली.

“नाही,” मामा म्हणाले. “नुसतं ऐकलं होतं. परतीची गाडी किती वाजता आहे?”

“चार दहा,” म्हातारा म्हणाला. तो बराच वेळ मामांकडं बघत राहिला. मग दिवा परत हातात घेतला.

तेव्हापासून मामांच्या बादल्या वाजायला लागल्या.

सदतीस वर्षं गेली. मामांना बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं, म्हणून मामी त्यांना पेपर वाचून दाखवायची. एके सकाळी तिनं वाचलं, की सरकारनं युद्धाचे जुने कागद खुले केलेत. शत्रूच्या सरसेनापतीला हवेत गाठून मारणारी ती कामगिरी, आठ विमानं, सगळं छापून आलं होतं. आठवा वैमानिक खटका ओढायला विसरला, हेही होतं. आणि चौथ्या दिवशी एक पत्र छापून आलं. त्या वैमानिकाची धाकटी बहीण. आयुष्यभर टपालात कारकून होती, आता निवृत्त झालीय. तिनं दोनच ओळी लिहिल्या होत्या. माझा भाऊ सगळं विसरायचा. खटका विसरणं शक्य नाही.

मामीनं पान उलटलं.

“परत वाच,” मामा म्हणाले.

तिनं परत वाचलं, आणि मान वर करून बघितलं तर म्हाताऱ्याच्या गालावरून पाणी येत होतं. मग सदतीस वर्षांचं सगळं बाहेर पडलं. मामी ऐकत राहिली. मधे एकदाही बोलली नाही, हे तिच्या बाबतीत नवलच.

“एवढं पोटात घालून बसलात?” शेवटी ती म्हणाली. “सांगितलं का नाही?”

“सही केली होती मी.”

“सही साहेबाला केली होती. त्या बापाला कुठं केली होती?” मामी उठली. “त्या सहीच्या आड लपलात तुम्ही. मला फसवा, स्वतःला फसवू नका. उद्याची सकाळची गाडी पकडा. डबा बांधून देते.”

“तिनं हाकलून दिलं तर?”

“तर डबा गाडीत खा.”

पत्राखालच्या पत्त्यावरून मामा पोचले; बहीण पुलाअलीकडच्या त्याच स्टेशनाजवळ राहत होती. दोन खोल्या, खिडकीत शिवणयंत्र, भिंतीवर टोपी तिरकी घातलेल्या पोराचा फोटो. पांढऱ्या केसांच्या, ताठ बसणाऱ्या बाई. मामांनी उंबऱ्यातच सांगून टाकलं; बसल्यावर जीभ रेटली नसती.

“ताई, तुमच्या भावानं खटका ओढला होता. टाकी माझ्यामुळं पडली नाही.”

बाईंनी खुर्ची दाखवली. मग एकेक प्रश्न विचारत सगळं काढून घेतलं, टपालाच्या खिडकीत बसून उलटतपासणी करायची सवय असल्यासारखं. पाचर केवढी? किती टोले? कुणी बघितलं? तो तेव्हा कुठं होता?

“टोपी आणायला गेला होता.”

बाईंच्या तोंडावर किंचित हसू येऊन गेलं, आणि लगेच पुसलं गेलं.

“आल्यावर विचारलं नाही त्यानं?”

“विचारलं. मी सांगितलं नाही. मोठेपणा केला.”

बाई उठल्या. कागद, शाई घेऊन आल्या. “बोला. मी लिहिते. तुमच्या शब्दांत.”

मामा बोलत गेले, त्या लिहीत गेल्या. मधे त्या थांबल्या. “खटका ओढला आणि टाकी सुटली नाही, तर वैमानिकाला काय कळतं?”

“काही नाही. खटका हातात येतो, आणि विमान जडच राहतं. परत ओढायचं, परत ओढायचं.”

“तो नंबर मोठ्यानं म्हणत असेल.”

“हो.”

“आणि परत परत म्हणून, परत परत ओढून...” बाईंनी लेखणी खाली ठेवली. “त्याला काय वाटलं असेल? पाचर तर त्याला ठाऊक नव्हती. त्याला वाटलं असेल, आपलंच काहीतरी चुकलं. आपणच काहीतरी विसरलो.”

हे मामांच्या ध्यानात सदतीस वर्षांत आलं नव्हतं. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

“बाबांनी ती ओळ वाचली,” बाई सांगायला लागल्या, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल, “आणि दुसऱ्या दिवशी साहेबाकडं जाऊन केबिन सोडलं. म्हणाले, माझ्या हाताखाली शिकलेल्याकडून खटका राहिला, तर मी शिकवलं काय? मला आता खटक्याला हात लावायचा नाही. दिवे पुसायचं काम मागून घेतलं. अकरा वर्षं पुसले. घरात भावाचं नाव काढलं की उठून जायचे. मी म्हणायची, तो विसरणार नाही हो. ते म्हणायचे, सरकार खोटं लिहील का?”

मामांनी डब्याची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

“शेवटच्या आजारात एकदाच म्हणाले. एक माणूस आला होता म्हणे, फार वर्षांपूर्वी. केबिनच्या खाली. हातावर भाजल्याचे डाग होते. त्यांना वाटलं, हा काहीतरी सांगायला आलाय. ते वाट बघत राहिले, आणि तो गाडीची वेळ विचारून निघून गेला. त्यानंतर कितीतरी दिवस त्या गाडीला ते फलाटावर जायचे. परत येईल म्हणून.”

बाईंची नजर मामांच्या हातांवर गेली. झाळताना उडालेल्या कथलाचे जुने पांढरे डाग मनगटापर्यंत होते.

“तुम्हीच?”

“मीच.”

बाहेर कुठंतरी शंटिंगचं इंजिन फुसफुसत होतं. बाईंनी लिहिलेला कागद मामांच्या पुढं सरकवला, सही कुठं करायची तिथं बोट ठेवलं. मामांनी सही केली. बाईंनी शाई वाळू दिली, घडी घातली, पाकिटात घातली, पाकिटावर सरकारी पत्ता लिहिला. सगळं चोख.

“आजच टाकते हे. ते बदलतील, न बदलतील.” त्यांनी पाकीट बाजूला ठेवलं. “बाबा असते तर त्यांनी तुम्हाला चहा दिला असता. मला नाही जमणार.”

मामा उठले. डब्याची पिशवी हातात घेतली. उंबऱ्याशी आले, आणि काहीतरी बोलावं म्हणून वळले.

बाई भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होत्या.

“चार दहाची अजून आहे,” त्या म्हणाल्या. “निघा आता.”